५० लाखांचा प्रस्ताव "चौदा दिवसांत ड्युटी नाही" म्हणून परत आलाय, आता काय करायचं?

ताई, तुमचं सगळं दोनदा वाचलं. प्रकरण असं दिसतंय की आई अंगणवाडी सेविका, १९ वर्षं काम, एप्रिल २०२१ मध्ये गावात सर्वेक्षण आणि लसीकरणाच्या कामात असताना करोना झाला, १३ एप्रिलला म्हणजे ऐन पाडव्याला टेस्ट पॉझिटिव्ह आली, बेड मिळेना म्हणून घरीच ठेवलं, २४ एप्रिलला तालुक्याला खाजगी दवाखान्यात ऍडमिट केलं आणि २ मेला त्या गेल्या. करोना मृत्यूचे सरकारी ५० हजार मिळाले. करोनाच्या ड्युटीवर गेलेल्यांच्या वारसांना शासन देतं त्या ५० लाखांचा प्रस्ताव तीनदा परत आला, शेवटचा शेरा "चौदा दिवसांच्या कालावधीत कर्तव्यावर हजर असल्याचे दिसून येत नाही", आणि आता ऑफिसात तोंडी सांगतायत की योजनाच बंद झाली. तुमचा प्रश्न, लढायचं की सोडून द्यायचं.

सोडू नका. पण आतापर्यंत जसं केलंत तसंच पुन्हा करूही नका, नाहीतर चौथ्यांदा परत येईल.

मी ३१ वर्षं आस्थापना शाखेत काढली, शेवटची दीड-दोन वर्षं करोनाचीच होती, आणि खरं सांगायचं तर असे प्रस्ताव त्रुटी काढून परत पाठवणारा तेव्हा मीच होतो. त्यात दुष्टपणा नसतो हो, पण टेबलावर बसलेल्या माणसाला भीती एकच, उद्या ऑडिटला पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, निघाला तर वसुली कोणावर. ५० लाखांच्या फाईलवर सही करताना साहेबाचा हात थांबतो, आणि हात थांबला की त्रुटी निघते. रिटायर झाल्यापासून मी उलट्या बाजूला बसून लोकांचे कागद लावून देतो, त्यामुळे दोन्हीकडची नाडी माहितीये.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. हे पैसे आई करोनाने गेल्या म्हणून मिळत नाहीत, करोनाच्या ड्युटीवर असताना करोना होऊन गेल्या म्हणून मिळतात. बहुतेक घरचे लोक सगळा जोर पहिल्या भागावर लावतात, दवाखान्याची बिलं, सीटी स्कॅन, ऑक्सिजनच्या पावत्या, ही एवढी जाड फाईल. ड्युटीचा कागद मात्र एकच, तोही पर्यवेक्षिकेने हाताने लिहिलेला, जावक क्रमांक नसलेला. तुमच्याही फाईलमध्ये हेच झालंय. आणि मृत्यूचा मुद्दा तर तुमच्याकडे सुटलेलाच आहे, कारण ५० हजार मिळाले याचा अर्थ हा करोना मृत्यू आहे हे शासनानेच एकदा मान्य केलंय. त्या मंजुरीचा आदेश किंवा मेसेज, बँकेची एंट्री, सगळं लावा आणि तो विषय तिथेच संपवा.

इथे एक घोळ सोडवतो, कारण तुमच्या पत्रात तिन्ही योजना एकत्र झाल्यात. एक ५० लाख केंद्राचे, प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजमधला विमा, ३० मार्च २०२० पासून, न्यू इंडिया अश्युरन्समार्फत, तो आरोग्य कर्मचाऱ्यांचा, म्हणजे डॉक्टर, नर्स, आशाताई वगैरे. दुसरे ५० लाख राज्याचे, वित्त विभागाचा २९ मे २०२० चा जीआर, त्याला सानुग्रह साहाय्य म्हणतात, त्यात पोलीस, होमगार्ड, अंगणवाडी कर्मचारी, पाणीपुरवठा-स्वच्छता, अन्नपुरवठा, घरोघर सर्वेक्षण करणारे, कंत्राटी, रोजंदारी, मानधनी सगळे धरलेले. आणि तिसरे ते ५० हजार, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर आपत्ती निधीतून सगळ्यांनाच दिलेले, ड्युटी असो नसो. तुमची केस दुसऱ्यातली. तुमच्या पहिल्या अर्जावर विषयात "प्रधानमंत्री गरीब कल्याण" लिहिलंय असं तुम्हीच सांगताय, तिथेच पहिली त्रुटी निघाली असणार. आणि कोणी म्हणालं की ५० हजार घेतलेत आता ५० लाख नाहीत, तर ते चूक आहे, ४ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की ही रक्कम इतर योजनांच्या व्यतिरिक्त आहे.

आता "योजना बंद झाली". अर्धं खरं आहे. राज्याच्या जीआरची मुदत वाढत वाढत ३० जून २०२१ पर्यंत गेली आणि मग थांबली. पण आई गेल्या २ मे २०२१ ला, योजना चालू असताना. हक्क त्या तारखेला तयार झाला, फाईल ऑफिसात फिरत राहिली म्हणून तो मरत नाही. तोंडी कोणी काहीही म्हणेल, तुम्ही एवढंच म्हणा, "साहेब, हेच लेखी द्या." बघा, लेखी कोणी देणार नाही. आणि दिलंच तर सोन्याहून पिवळं, कोर्टात जायला लागतो तो कागद हाच.

आता मुद्द्याचं, चौदा दिवस. अट अशी आहे की कर्मचारी दवाखान्यात दाखल झाला किंवा वारला त्या तारखेच्या आधीच्या चौदा दिवसांत ड्युटीवर हजर असला पाहिजे आणि तसं प्रमाणित झालं पाहिजे. रोज हजर असं कुठे नाही, त्या काळात हजर, इतकंच. म्हणजे तुमच्या केसमध्ये २४ एप्रिलच्या मागे मोजत गेलं की १० एप्रिल येतो. १० एप्रिल ते २३ एप्रिल या काळात आई एक दिवस जरी करोनाच्या कामावर होत्या हे दाखवलं तरी अट पुरी होते. ऑफिसने काय केलं, हजेरीपट बघितला, शेवटची सही ९ एप्रिलची, एका दिवसाने बाहेर, झालं, शेरा मारून मोकळे.

पण कॅलेंडर काढून बघा ना. ९ एप्रिल शुक्रवार होता. त्याच रात्री आठपासून राज्यात वीकेंड लॉकडाऊन लागला, तो सोमवारी सकाळी सातपर्यंत. शनिवार-रविवार हजेरीपटावर सही कोण करणार? आणि तुम्ही पत्रात अगदी सहज एक वाक्य लिहून गेलात की "रविवारी सुद्धा आई उपकेंद्रावर म्हाताऱ्या माणसांना लसीसाठी घेऊन गेली होती, सोमवारी पण, घरी आली ती अंग दुखतंय म्हणतच". ताई, तुमची सगळी केस या एका वाक्यात आहे आणि तीनही प्रस्तावांत ते कुठेच नाही! तो रविवार म्हणजे ११ एप्रिल, त्या दिवसापासून १४ एप्रिलपर्यंत देशभर लसीकरणाचा "टीका उत्सव" जाहीर झाला होता, फुले जयंती ते आंबेडकर जयंती. ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस १ एप्रिलपासूनच सुरू झाली होती. म्हणजे रविवारी कसलं आलंय काम, हा प्रश्नच उरत नाही. ११ आणि १२ एप्रिल, दोन दिवस, दोन्ही चौदाच्या आत.

हे दोन दिवस सिद्ध कुठून करायचे? अंगणवाडीच्या दप्तरात ते सापडणार नाहीत, कारण काम आरोग्य विभागाचं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. प्रत्येक लसीकरण सत्राचा अहवाल असतो, कुठल्या उपकेंद्रावर, कोणत्या तारखेला, किती डोस, टीममध्ये कोण. लस टोचायला सिस्टर, बाकीच्यांमध्ये नाव तपासणारा, गर्दी आवरणारा, लस घेतलेल्यांना अर्धा तास बसवून लक्ष ठेवणारा, आणि ही शेवटची कामं खेड्यात आशा आणि अंगणवाडीताईच करायच्या. त्या अहवालात आईंचं नाव असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर त्या वेळच्या सिस्टरला शोधा, बदली झाली असेल पण जिल्ह्यातच असेल, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून पत्र घ्या. पत्रात "करोना काळात चांगले काम केले" असलं काही नको, असली पत्रं मी पोत्याने बघितलीत, शून्य उपयोग. तारीख, ठिकाण, काम, आणि ते काम करताना रुग्ण किंवा संशयितांशी संपर्क येत होता हे चारच मुद्दे, वर जावक क्रमांक, खाली सही शिक्का.

दुसरं ठिकाण तुमचं घर. एक अनुभव सांगतो, गाव सांगत नाही. एका सेविकेच्या नवऱ्याने प्रस्ताव घेऊन पाच-सहा चकरा मारल्या होत्या, काही म्हणजे काही पुरावा नव्हता. मी म्हटलं त्यांची पिशवी कुठंय, ती सर्व्हेला न्यायची ती. म्हणे आहे की, खुंटीवरच आहे, कोणी हात लावला नाही. आणायला सांगितली. आत एक टेंपरेचर गन, सेल गळून चिकट झालेले, सॅनिटायझरची रिकामी बाटली, आणि दोनशे पानी वही. वहीत घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, माणसं किती, ताप, ऑक्सिजन, ९७, ९८, ९६, आणि प्रत्येक पानावर वर तारीख. शेवटच्या पानावर सात घरं लिहिलेली, आठव्या घराचं नाव लिहून पुढचे रकाने कोरे. ती तारीख चौदा दिवसांत बसत होती. त्या सातातल्या पाच घरांनी लिहून दिलं की हो, बाई आल्या होत्या, बोटाला मशीन लावलं होतं. प्रस्ताव मंजूर झाला. तो माणूस पेढे घेऊन आला आणि पेढ्यांचा पुडा तसाच हातात धरून अर्धा तास बसून राहिला, काही बोलला नाही, मीही नाही.

तर आईंची पिशवी, वही, जुना मोबाईल बघा. मोबाईल चालू होत नसला तरी फेकू नका. बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालच्या अंगणवाड्यांच्या, व्हॉट्सऍप ग्रुपवर पर्यवेक्षिका रोज फोटो मागायच्या, "ताई फोटो टाका", आठवत असेल तुम्हाला. दुसऱ्या कोणा सेविकेच्या मोबाईलमध्ये तो ग्रुप अजून असेल, ११ आणि १२ तारखेपर्यंत मागे जाऊन स्क्रीनशॉट घ्या, तारीख वेळ दिसेल असे. "उद्या सकाळी ९ ला उपकेंद्रावर हजर रहा" असा मेसेज सापडला तर तोच तुमचा आदेश. ऑफिसपुरतं एवढं पुरतं, कोर्टात गेलात तर वकील त्याला लागणारं प्रमाणपत्र जोडतील. वही आणि मोबाईल मूळ कोणालाही देऊ नका हां, कितीही गोड बोलले तरी. झेरॉक्स द्या, मूळ फक्त दाखवा.

लेखी आदेश नव्हता हे कारण तुम्हाला पुढे नक्की ऐकवतील. यावर एक निकाल माहीत असू द्या. नवी मुंबईतल्या एका खाजगी डॉक्टरांच्या पत्नीला केंद्राच्या योजनेतले ५० लाख नाकारले होते, कारण काय तर त्यांची सेवा शासनाने रीतसर अधिग्रहित केली नव्हती, महापालिकेची नोटीस फक्त दवाखाना उघडा ठेवा अशी होती. मुंबई हायकोर्टाने मार्च २०२१ मध्ये तेच धरलं. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, म्हणाले साथरोग कायदा, राज्याचे नियम, महापालिकेचा आदेश हे सगळं एकत्र बघता सेवा घेतलेलीच होती, प्रत्येकाला वेगळं पत्र दिलं होतं का हे बघत बसायचं नाही. पण पुढे हेही म्हटलंय की माणूस करोनाच्या कामातच गेला हे प्रत्येक केसमध्ये दावा करणाऱ्याने पुराव्याने दाखवायचं. हा निकाल डॉक्टरांचा आहे, केंद्राच्या योजनेचा आहे, तुमच्या केसला जसाच्या तसा लागणार नाही, कोणी वकील लागतो म्हणाला तर जरा सावध रहा. पण अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा, आदेशाच्या कागदावर अडून बसणाऱ्याला तो दाखवता येतो.

उलट बाजूचंही सांगतो, नाहीतर फसवल्यासारखं होईल. २०२४ च्या अखेरीस औरंगाबाद खंडपीठापुढे हातपंप मदतनीस म्हणून काम करणाऱ्या एकाच्या पत्नीची याचिका होती, माणूस करोनानेच गेला होता, पण करोनाच्या ड्युटीवर होता हे दिसलं नाही म्हणून कोर्टाने नाही म्हटलं. अशी प्रकरणं संवेदनशीलपणे हाताळायला हवीत, पण निकषात न बसणाऱ्याला सरसकट ५० लाख देता येणार नाहीत असं म्हणाले. मला व्यक्तिशः पटलं नाही, सगळं गाव दार लावून बसलेलं असताना पाणी चालू ठेवणारा माणूस ड्युटीवर नाही तर कोण आहे? पण माझ्या पटण्याला कोण विचारतो. तुम्ही एवढंच लक्षात घ्या की कोर्टसुद्धा शेवटी तोच कागद मागतं.

आता नवीन प्रस्ताव करताना. जुन्याला पुरवणी जोडत बसू नका, नव्याने करा, पहिल्याच पानावर तारखांचं कोष्टक टाका, ९ एप्रिल हजेरीपट, १० वीकेंड लॉकडाऊन, ११ आणि १२ उपकेंद्रावर लसीकरण, १३ पॉझिटिव्ह, १३ ते २३ घरी विलगीकरण, २४ दाखल, २ मे मृत्यू, आणि प्रत्येक तारखेसमोर पुराव्याचा पान नंबर. टेबलवरच्या माणसाला शोधायला लावलंत की तो त्रुटी शोधतो. आणि जोडीला हा मुद्दाही लिहून ठेवा की १३ पासून घरी राहणं ही गैरहजेरी नव्हती, पॉझिटिव्ह आल्यावर घरात रहा हे शासनाचंच सांगणं होतं आणि बेड मिळेना म्हणून दाखल व्हायला अकरा दिवस गेले, त्या उशिराचा फटका वारसांना कसा काय? हा मुद्दा दुसऱ्या नंबरचा ठेवा, पहिला ११ आणि १२ तारखेचाच.

रस्ता असा, बालविकास प्रकल्प अधिकारी, तिथून जिल्हा परिषदेचा महिला बालकल्याण विभाग, मग बेलापूरला रायगड भवनात एकात्मिक बालविकासचं आयुक्तालय. प्रत्येक टप्प्यावर जावक क्रमांक घ्या. प्रकल्प कार्यालयात दिला म्हणजे पुढे गेला असं धरू नका, मी आठ-आठ महिने कपाटात पडलेले बघितलेत, साहेब बदलले की नवीन साहेबाला फाईल आहे हेच माहीत नसतं.

आणि त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. जोडपत्र अ, म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. तिन्ही प्रस्तावांवरच्या टिपणीची पानं मागा, नुसती पत्रं नाही, टिपणी, म्हणजे फाईलवर एकेका अधिकाऱ्याने लिहिलेलं आतलं मत. आतल्या कोणीतरी "मंजुरीस पात्र वाटते" लिहिलेलं असतं आणि वरच्याने ते खोडलेलं असतं, ते तिथे दिसतं. शिवाय जिल्ह्यात अंगणवाडी कर्मचाऱ्यांचे किती प्रस्ताव मंजूर झाले आणि त्यांत ड्युटीचा पुरावा म्हणून काय धरलं हेही मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, वीस रुपये. हे सगळं पुढे हायकोर्टात कामाला येतं.

हायकोर्टाची भीती बाळगू नका. तुम्ही स्त्री आहात, म्हणजे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळायचा तुमचा हक्क आहे, जिल्हा कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं. तुमचा जिल्हा कुठल्या खंडपीठात येतो ते तेच सांगतील, आता ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच आहे, त्यामुळे तिकडच्या लोकांची मुंबईची खेप वाचली. पण उशिराबद्दल कोर्ट विचारेलच, पाच वर्षं काय करत होता म्हणून, तेव्हा तुमचे तीन प्रस्ताव आणि त्यांच्या पोचा हेच उत्तर. दुसऱ्या प्रस्तावाची पोच हरवली म्हणालात, माहिती अधिकारात आवक रजिस्टरचं ते पान मागा, मिळेल.

वारसांचं. वडील आहेत, तुम्ही आहात, भाऊ आहे. ऑफिस कोर्टाचं वारस प्रमाणपत्र मागतंय म्हणून आत्ताच खर्चात पडू नका, तहसीलदारांचा दाखला चालतो का हे लेखी विचारा, आणि तुम्ही दोघा भावंडांनी वडिलांच्या नावाने ना हरकत प्रतिज्ञापत्र द्या. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, शासकीय कार्यालयात द्यायचं प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं, २००४ पासून तसा शासनाचा निर्णय आहे, तरी बाहेरचा टायपिंगवाला पाचशेचा पेपर गळ्यात मारतोच. भावाशी वाटणीचं काय ते आत्ताच बोलून घ्या, मंजुरीनंतर भांडणं झालेली घरं मी बघितलीत.

आणखी दोन-तीन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत पण विचारायला हव्या होत्या. आईंच्या पासबुकात मे २०२० च्या अखेरीस ३३० रुपये कटलेले दिसतात का बघा, असतील तर तो जीवनज्योती विमा, दोन लाखांचा, बँकेत लगेच जाऊन लेखी क्लेम टाका. सेविकेला सेवा संपल्यावर मिळणारा एकरकमी लाभ, एक लाख, मिळाला का? आणि ग्रॅच्युइटी, एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असं सांगितलंय. शेवटच्या मानधनाला १५ ने गुणा, २६ ने भागा, वर्षांनी गुणा. ८,३२५ मानधन आणि १९ वर्षं धरली तर ९१ हजारांच्या वर जातं. सहजासहजी देतील असं मी म्हणणार नाही, पण अर्ज देऊन पोच घेऊन ठेवा.

ते तुमच्याकडे दहा टक्के मागणारे गृहस्थ, "वर ओळख आहे" म्हणणारे, त्यांना चहा पाजून वाटेला लावा. वर ओळख असती तर तारखांचं कोष्टक त्यांनीच केलं असतं.

सोमवारी आधी आरोग्य केंद्रात जा, प्रकल्प कार्यालयात नको. सत्र अहवालात ११ आणि १२ तारखेला काय निघतंय ते मला कळवा, मग वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या पत्राचा मसुदा मी लिहून देतो, त्यांना फक्त त्यांच्या लेटरहेडवर घ्यायला सांगा.